बेवारशी चूळ

आमच्या खानावळीतून चूळ भरल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. टेकडीवर विद्यापीठाच्या दोनच इमारती होत्या आणि बाकी सगळं रान होतं, तेव्हापासूनचा हा माझा नियम. जेवणघराच्या टोकाला दगडी बेसिन आहे. जेवून उठायचं, ताट ठेवायचं, तिथे जाऊन खळाखळा चूळ भरायची, मग जायचं कुठे जायचं ते. ज्याने टाळलं त्याला मी दारातून हाक मारून परत आणलंय. एकदा एका प्राध्यापकालाही आणलं होतं. पोरं मला तोंडावर मोठीआई म्हणतात आणि पाठीमागे फौजदारीण म्हणतात. दोन्ही मला चालतं.

त्या नियमामुळेच ते यंत्र माझ्याकडे आलं.

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर रेहाना तडवी आहेत. यावलकडच्या. बोलायला गोड, पण एकदा मनात घेतलं की सोडत नाहीत. त्या एक दिवस भरीत-भाकरी खाता खाता मला म्हणाल्या, "मोठीआई, पोरांना तपासणीला बोलावलं तर कुणी फिरकत नाही. तोंड उघड म्हटलं की परीक्षा आठवते सगळ्यांना. तुमच्याकडे मात्र अख्खं विद्यापीठ रोज आपणहून चूळ भरतं."

"आपणहून कुठलं? मी बसलेय म्हणून भरतं."

"तेच म्हणते मी. तुमच्या बेसिनच्या नळीला एक डबा जोडू द्या. बाकी काही नको."

मी विचारलं, डबा काय करतो. तेव्हा त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि मला, माझ्या सुनेला, जयश्रीला, आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरांना समजावून सांगितलं. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. त्याच्या शंभराच्या वर जाती. बहुतेक जाती पाहुण्यासारख्या. येतात, राहतात, वर्ष-दोन वर्षांत आपलं अंगच त्यांना वाटेला लावतं. माणसाला पत्ताही लागत नाही. एखादी जात मात्र चिवट असते, सोळा नंबरची सगळ्यात वाईट. ती जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलच्या घड्यांमध्ये शिरून बसते. आणि वर्षानुवर्षं गप्प बसून मग एखाद्याच्या घशात गाठ करते.

"पूर्वी चुळीच्या पाण्यात विषाणू आहे की नाही एवढंच कळायचं," डॉक्टर म्हणाल्या. "पण तो पाहुणा आहे की बिऱ्हाड थाटून बसलाय, ते कळायचं नाही. मग उगाच कशाला लोकांना घाबरवायचं, म्हणून कुणी तपासायचंच नाही. हा डबा ते ओळखतो. विषाणूने आपला धागा पेशीच्या धाग्यात विणून टाकला असेल, आणि ती पेशी बिघडायला लागली असेल, तरच तो ते पाणी राखून ठेवतो. गाठ व्हायच्या कितीतरी आधी. तेवढ्यात सापडलं तर आता औषध आहे."

शेजारी एक दाढीवाला बसला होता, ओजस फालक नावाचा. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करतो. तो म्हणाला, "पण मॅडम, एचपीव्ही तर बायकांचा ना? गर्भाशयाच्या तोंडाचा?"

"ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हा शिकतोय कशात, ते पण ऐका."

मी म्हटलं, "का रे, तोंड तुला नाही का? रोज पाच भाकऱ्या जातात त्यात, त्या काय बायकांच्या आहेत?"

सगळे हसले. डॉक्टरांबरोबर आलेली शर्वरी एकटी हसली नाही, ती त्याला लस घेतलीस का ते विचारत होती. त्याने घेतली नव्हती. मुलींना शाळेत दिली, त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

"लागतो कशाने पण?" मी विचारलं.

डॉक्टरांनी एकदा जयश्रीकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं. "जवळ येण्याने. मुख्य म्हणजे तोंडाने केलेल्या शरीरसंबंधाने. खोल मुका घेतल्यानेही लागत असेल."

माझा पदर आपोआप तोंडाशी गेला. "उष्ट्याने?"

"नाही. ताटाने नाही, पेल्याने नाही, एका भाकरीतल्या दोन घासांनी नाही."

त्यांनी हे स्वच्छ सांगितलं होतं. मी ऐकलं ते एवढंच की हा वाईट चालीचा रोग आहे.

शर्वरी वळवी म्हणजे डॉक्टरांची मदतनीस. नवापूरकडची पोर, पहिल्या वर्षाला. बेसिनच्या वर तिनेच पाटी लावली : चूळ भरा, पट्टा टेकवा, निकाल फक्त तुम्हाला. आताच्या पोरांच्या मनगटाला तो पट्टा असतो ना, फोन म्हणा, हजेरी म्हणा, सगळं त्यातच. बेसिनच्या कडेला टेकवला की यंत्राला कळायचं कुणाची चूळ आहे, आणि निकाल त्याच्या पट्ट्यावर, त्यालाच जायचा. मला नाही, प्राध्यापकाला नाही, आईबापालाही नाही. मी पट्टा घालत नाही. मला हजेरी कुणाला द्यायचीय?

शर्वरी मला तू म्हणायची, घरच्या आजीला म्हणतात तसं. "मोठीआई, तू ठेच्यात लसूण कमी केलास गं." हसायची तर स्वयंपाकघरातली भांडी वाजायची. संध्याकाळी एका उंच पोराच्या गाडीवर मागे बसून जायची, त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून. मी ते पाहिलं होतं. मी सगळंच पाहते.

आता दिव्याचं सांगते.

डब्याच्या बुडाला एक नारिंगी दिवा होता. पाणी राखून ठेवलं की तो लागायचा. केंद्रातला माणूस संध्याकाळी येऊन ती कुपी काढून न्यायचा, त्याला कळावं म्हणून. दिवा बेसिनच्या खाली, भिंतीकडे तोंड करून, कुणाला दिसू नये असा. पण बसवणाऱ्यांनी उभं राहून पाहिलं होतं. मी गल्ल्यामागे बसते ती बुटक्या माचीवर. तिथून भिंतीवर पडलेला उजेड मला स्वच्छ दिसायचा.

पहिल्याच आठवड्यात दिसला. शर्वरी चूळ भरत होती आणि भिंत नारिंगी झाली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. तिला प्रयोगशाळेत लवकर जायचं असायचं, म्हणून दुपारी सगळ्यात आधी तीच जेवायची, भराभरा. सगळ्यात आधी तीच बेसिनवर. ती वाकली की दिवा. तिच्यामागून ढीगभर पोरं चूळ भरून जायची, पण नवा दिवा नाही.

मी जयश्रीला म्हटलं, "बघितलंस? आणि पाट्या लावते दुसऱ्यांसाठी."

जयश्री म्हणाली, "आई, त्या दिव्याचं आपल्याला काय कळतं?"

"मला उजेड कळतो आणि अंधार कळतो. पुरे आहे तेवढं."

मग डॉक्टर आल्या, कपाळाला आठ्या घालून. म्हणाल्या, रोज एक बेवारशी नमुना येतोय. पट्टा न टेकवता कुणीतरी चूळ भरतंय आणि त्याच्या घशात बिऱ्हाड आहे. पेशी बिघडायला लागल्यात. "मोठीआई, नाव नाही, गाव नाही. त्या माणसाला कसं सांगू मी? अजून वेळ आहे त्याला, पण फार नाही."

मी त्याच क्षणी सांगू शकले असते, अमकी आहे. सांगितलं नाही. मला वाटलं, पोरीला मीच चारचौघांत उघडी पाडावी, म्हणजे बाकीच्यांनाही जरब बसेल. पट्टा टेकवल्याचं नाटक करते आणि निकाल लपवते, असं मी मनात पक्कं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती बेसिनवर वाकली, भिंत नारिंगी झाली, आणि मी गल्ल्यावरून उठले.

"शर्वरी, पट्टा दाखव."

तिच्या तोंडात पाणी होतं. ते तिने टाकलं. "का गं, मोठीआई?"

"खालचा दिवा रोज तुझ्यावेळीच का लागतो ते सांग. डॉक्टरीणबाई जिला शोधतायत ती तूच ना? ज्याच्या त्याच्या गाडीवर बसून फिरायचं आणि इथे येऊन माझ्या बेसिनमध्ये थुंकायचं. पोरं जेवतात इथे. घरंदाज पोरं."

जेवणघरात एकही ताट वाजत नव्हतं. तिने खाली वाकून दिव्याकडे पाहिलं. माझ्या माचीवरून तो दिसतो हे तिलाही नवीन होतं. मग तिने सरळ उभं राहून बाही खाली ओढली आणि मनगट झाकून घेतलं.

"दाखव म्हटलं ना!"

"नाही दाखवणार."

"लपवण्यासारखं नसेल तर दाखव की."

"दाखवला तर माझं आत्ताच्या आत्ता मिटेल, मोठीआई. पण आज मी दाखवला तर उद्या प्रत्येकाने दाखवावा लागेल. मग ज्याचा दिवा आहे तो इकडे कधीच येणार नाही. आणि मरेल."

"म्हणजे तुझाच आहे."

"समज माझा आहे. मग? ताट काढून घेशील?"

आमच्याकडे कायमच्या पोरांच्या ताटावर त्यांचं नाव कोरलेलं असतं, बाजारपेठेतल्या भांड्याच्या दुकानातून मी स्वतः कोरून आणते. मी फडताळातून तिचं ताट काढलं आणि दारातून बाहेर फेकलं. ते पायऱ्यांवरून वाजत वाजत गटारापाशी जाऊन थांबलं.

"घेतलं काढून," मी म्हटलं.

ती त्या ताटाकडे न बघता निघून गेली. मागे तो ओजस उठला. त्याची भाकरी अर्धी राहिली होती. त्याने ताट ठेवलं, बेसिनसमोरून गेला, थांबला नाही, खरकट्या तोंडाने बाहेर पडला. मी हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणीच बेसिनवर गेलं नाही. जेवली सगळी, निम्मी आली असतील, पण जेवली. भांडण नाही, घोषणा नाही. उठायची, ताट ठेवायची, माझ्यासमोरून जायची. एका मुलीने दप्तरातून बाटली काढली आणि रस्त्यापलीकडे, बाभळीखाली जाऊन चूळ भरली. माझ्या बेसिनच्या दगडावर पाण्याचा थेंब नव्हता. इतक्या वर्षांत मी तो कोरडा कधी पाहिला नव्हता.

"भरू नका," मी मोठ्याने म्हटलं. "किडू द्या दात." आणि हिशेबाला बसले. हिशेब कसला, नुसती पानं उलटत होते.

जयश्री ओट्याशी भाताचं आधण बघत होती. पहिली दोन-चार पोरं नुकतीच जेवून गेली होती. आणि कोऱ्या, कोरड्या बेसिनखाली भिंत नारिंगी झाली.

मी बघतच राहिले. यंत्र बिघडलं असं वाटलं. जयश्रीने मान वळवून दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि परत भाताकडे वळली. ती बोलली असती तर मी तिला दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते.

मी मिश्री लावते. लहानपणापासूनची सवय. सकाळचा स्वयंपाक मार्गी लागला, खानावळ उघडायची वेळ झाली की दात घासायचे, चूळ भरायची आणि गल्ल्यावर बसायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, मोठीआई, मिश्रीचं पाणी या बेसिनमध्ये टाकू नका, आत गाळणी आहे. मी मान हलवली होती आणि टाकत होते. बेसिन माझं आहे.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात चूळ भरली. दिवा लागला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी बेसिनवर भरली आणि जयश्रीला म्हटलं, "भात टाक." ती टाकते न टाकते तोच मी माचीवर जाऊन बसले, डोळे भिंतीवर. आधण आलं. तांदूळ वर-खाली झाले. पाणी आटलं, वाफ कोंडली, आणि भात उतरवायच्या बेताला दिवा लागला. यंत्राला पाणी गाळून वाचायला भाताएवढा वेळ लागत होता. तेवढ्या वेळात पहिलं माणूस जेवून बेसिनवर पोचतं.

आणि पहिलं माणूस रोज शर्वरी असायची.

डॉक्टरांच्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा खाली मान घालून बसले. त्यांनी घशात नळी घालून पडद्यावर पाहिलं. मी कधी माझाच घसा आतून पाहिला नव्हता. लाल, ओला, आणि जिभेच्या मुळाशी एक तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका डाग.

"गाठ नाही अजून," त्या म्हणाल्या. "वेळेत सापडलं. पहिली सुई याच आठवड्यात देऊ. ती सुई या बिघडलेल्या पेशी तुमच्याच अंगाला ओळखायला शिकवते, मग अंगच त्यांना साफ करतं. तोंड सोलवटेल, ताप येईल. पण जाईल. मिश्री बंद."

"मी विधवा बाई आहे," मी म्हटलं. "अण्णांना जाऊन किती वर्षं झाली. मला कुठून..."

"तीस-चाळीस वर्षंसुद्धा गप्प बसतो तो, मोठीआई."

"कुणाकडून आला?"

त्यांनी हातमोजे काढले. "ते कुठलंच यंत्र सांगत नाही. आणि सांगत असतं, तर ते मी तुमच्या बेसिनखाली बसवलं नसतं."

मी उठायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "एक सांगू? चार दिवसांत या बेसिनवर तुमच्याशिवाय एकही चूळ आली नाही. इतक्या पोरांत अजून एखाद-दुसरं बिऱ्हाड असणारच. ते आता मला सापडणार नाही."

घरी आले. गल्ल्यावर अण्णांचा फोटो आहे, हार घातलेला. अण्णा केळीच्या गाड्यांबरोबर दिल्लीला, कानपूरला जायचे. गेले की पंधरवडा-पंधरवडा यायचे नाहीत. मी त्यांना कधी काही विचारलं नाही. मला विचारावंसं वाटलं नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते. मी फोटोची काच पुसली. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला नाही. मला दिसत होतं ते ताट, पायऱ्यांवरून जाणारं. ज्या उजेडाकडे बोट दाखवून मी त्या पोरीला नासकी ठरवलं, तो माझ्या घशातून निघाला होता. माझं बोट तेव्हाही माझ्याकडेच होतं आणि मला ते कळलं नव्हतं. मला फोटोसमोर उभं राहवेना. मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले. निवडलेले तांदूळ.

ताट जयश्रीने त्याच दिवशी उचलून घासून ठेवलं होतं. काठाला पोचा आला होता. ते पिशवीत घालून मी मुलींच्या वसतिगृहावर गेले. फाटकावरच्या बाईने मला ओळखलं, खुर्ची दिली. मी बसले नाही.

शर्वरी खाली आली. ओढणी घट्ट गुंडाळलेली.

"बोला," ती म्हणाली.

इतके महिने ती मला तू म्हणत होती. मला वाटायचं, जरा अतीच करते. त्या 'बोला'ने मला फाटकाबाहेर उभं केलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तो दिवा माझा होता."

तिचा चेहरा एकदम बदलला. "तुमचा? मग डॉक्टरांकडे गेलात? काय म्हणाल्या?"

"सुई देणार आहेत. वेळेत सापडलं."

तिने डोळे मिटून श्वास सोडला. मी एवढं ऐकवूनही ही पोर माझ्यासाठी घाबरली, ते मला ताटापेक्षा जड गेलं. मी पिशवी पुढे केली. तिने घेतली नाही.

"एक विचारू? तुमचा निघाला नसता, दुसऱ्या कुणाचा निघाला असता, तर आला असतात?"

खोटं बोलायला सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"नसते आले," मी म्हटलं.

"बरं." ती म्हणाली. "खरं बोललात. पण मला सगळ्यांसमोर बोललात आणि हे इथे फाटकापाशी सांगताय. इकडे लोक माझ्या पाठीमागून हळू आवाजात बोलतात. माझ्या मित्राच्या घरी कुणीतरी कळवलं, तो आता भेटत नाही. मी पट्टा दाखवला असता तर हे झालं नसतं. मला रोज वाटतं दाखवावा. रोज वाटतं."

"मी काय करू सांग."

"मला नका विचारू. बेसिन तुमचं आहे."

ताट माझ्याजवळच राहिलं.

बुधवारी आमच्याकडे भरीत आणि कळण्याची भाकरी असते. रागावलेलं पोरही त्या दिवशी येतं, मला माहीत आहे. वांगी काट्यांवर भाजली की वास टेकडीपर्यंत जातो. जेवणघर भरलं. सकाळी जयश्रीने तिचा जुना पट्टा माझ्या मनगटावर बांधून दिला होता, केंद्रात जाऊन माझं नावही घालून आणलं होतं. बांधताना ती म्हणाली, "आई, सगळ्यांपुढे कशाला? लोक अण्णांना नावं ठेवतील."

"आणि त्या पोरीला ठेवली ती?"

तिने पट्टा एक घर घट्ट केला.

पहिली ताटं वाढून झाली तशी मी बेसिनवर गेले. पट्टा टेकवला. खळाखळा चूळ भरली, नेहमीपेक्षा मोठ्याने. आणि पोरांकडे तोंड केलं. दगडाला टेकून उभी राहिले.

"जयश्री, भात टाक," मी म्हटलं. "पोरांनो, जेवा सावकाश. हा भात होईल तेव्हा या बेसिनखाली नारिंगी दिवा लागेल. तो माझा आहे. त्या दिवशी लागला तोही माझाच होता. शर्वरीचा नव्हता. तिने मला ते तोंडावर सिद्ध करून दाखवलं असतं, पण तुमच्यापैकी कुणाला तरी पुढे लपावं लागू नये म्हणून तिने दाखवलं नाही. मी तिला काय काय बोलले ते तुम्ही ऐकलंय. ते सगळं माझ्याकडे परत आलंय. ज्याला हसायचं त्याने हसा. घशात बिऱ्हाड निघालं माझ्या. औषध घेतेय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मागच्या टेबलावर कुणीतरी हळूच "अण्णा" म्हणालं आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. मी ऐकलं. मी माचीवर जाऊन बसले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पदर डोक्यावरून ओढून घ्यावासा वाटत होता. घेतला नाही.

तेवढ्यात दारात शर्वरी दिसली. कितीसं ऐकलं होतं कोण जाणे. ती आत आली, फडताळाशी गेली. तिचं ताट मी सगळ्यात वर ठेवलं होतं. तिने ते काढलं, काठाच्या पोच्यावरून अंगठा फिरवला, आणि वाढून घेऊन ओजसच्या शेजारी जाऊन बसली. माझ्याकडे पाहिलं नाही. जेवली मात्र नेहमीसारखी, भराभरा.

आतून भाताचा वास यायला लागला. पोरं हात वाळवत बसली होती. खरकटे हात ताटावर धरून सगळी बेसिनकडे बघत होती आणि उठत कुणीच नव्हतं. जो आधी जाईल त्याच्यावेळी दिवा लागणार, हे सगळ्यांना कळलं होतं. मी एवढं सांगूनही त्या उजेडात उभं राहायची कुणाची तयारी नव्हती. मीच शिकवलं होतं ना त्यांना, त्या उजेडाचा अर्थ काय ते.

शर्वरी उठली.

"थांब गं," मी म्हटलं. "जरा थांब. माझा लागून जाऊ दे आधी."

ती थांबली नाही. ताट ठेवलं, बेसिनवर गेली, बाही वर सारून सगळ्यांना दिसेल असा पट्टा कडेला टेकवला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. आणि भिंत नारिंगी झाली.

अख्खं जेवणघर तिच्याकडे बघत होतं. तीच जागा, तोच उजेड, तीच पोर वाकलेली.

"माझा आहे तो!" मी ओरडले. उठता उठता माची पडली. "माझा आहे! तिचा नाही, माझा!" आवाज चिरकला, मला माझाच ओळखू आला नाही.

तिने शांतपणे चूळ टाकली. दुसरी भरली, तीही टाकली. तिच्यामागे ओजस येऊन उभा राहिला होता, दाढीला भरीत लागलेलं. "सरक ना लवकर," तो तिला म्हणाला, "मला तास आहे." त्याच्यामागे ती बाटलीवाली मुलगी उठत होती.

शर्वरीने बाहीला तोंड पुसलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मोठीआई," ती म्हणाली, "तू ओरडत काय बसलीस? भात उतरव, खाली लागतोय."